एकतीस डिसेंबरची मुदत

२८ डिसेंबर १९९१ रोजी दिल्लीत एक अध्यादेश निघाला. त्यानंतर तीनच दिवसांनी, ३१ डिसेंबरच्या रात्री, रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरचा प्रताधिकार संपणार होता. टागोर ७ ऑगस्ट १९४१ रोजी गेले. लेखक वारला त्याच्या पुढच्या वर्षापासून पन्नास वर्षे मोजायची, असा १९५७ च्या भारतीय कायद्याचा नियम होता आणि टागोरांचा हिशेब १९९१ अखेर पुरा होत होता. त्यांच्या पुस्तकांचे हक्क विश्वभारतीकडे होते. संस्थेचे हक्काचे उत्पन्न जाईल आणि उद्यापासून कुणीही टागोर हवे तसे छापील, ही धास्ती बंगालमध्ये खरोखरच होती. अध्यादेशाने पन्नासाची साठ वर्षे केली. पुढे १९९२ च्या दुरुस्ती कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब झाले.

कारण एका लेखकाचे असले तरी कायदा सगळ्यांनाच लागू झाला. त्याच १९४१ साली ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबेही गेले होते. त्यांच्या कविता १ जानेवारी १९९२ ला मोकळ्या व्हायच्या, त्या थेट १ जानेवारी २००२ ला झाल्या. माधव जूलियन मात्र १९३९ च्या नोव्हेंबरात वारले होते. त्यांची ‘गज्जलांजली’ १९९० सालीच मोकळी झाली होती आणि एकदा संपलेला हक्क या दुरुस्तीने पुन्हा जिवंत होत नव्हता. दोन वर्षांच्या अंतराने गेलेले दोन मराठी कवी, पण त्यांच्या पुस्तकांच्या सुटकेत अंतर पडले बारा वर्षांचे.

लेखक गेल्यावर पुस्तक कुणाचे? हा प्रश्न प्रकाशकाच्या टेबलावर, ग्रंथालयात आणि लेखकांच्या घरी सतत येतो आणि त्याचे उत्तर बहुधा अंदाजाने दिले जाते. कुणी म्हणतो, लेखक वारला म्हणजे हक्क संपला. कुणी म्हणतो, मुलेबाळे आहेत तोवर हक्क त्यांचाच. दोन्ही चूक. खरे उत्तर तारखांत असते, आणि त्या तारखा कुणी, कधी, कशासाठी ठरवल्या याला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

हा इतिहास लंडनच्या पार्लमेंटातून सुरू होतो. १८४१ साली तिथे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क द्यावा, असे विधेयक आले. त्याला सर्वांत जोरदार विरोध केला तो थॉमस मेकॉले यांनी. हिंदुस्थानातली नोकरी आटोपून ते तीनच वर्षांपूर्वी परतले होते. एवढ्या लांब मुदतीने लेखकाच्या पदरात काहीच पडत नाही आणि वाचकाला मात्र पुस्तक महाग पडते, हा त्यांचा एक मुद्दा. दुसरा मुद्दा अधिक खोल होता. वारसाला आपल्या पूर्वजाचे पुस्तकच नापसंत असेल तर? कादंबरीकार रिचर्डसनचा नातू धर्मोपदेशक होता आणि त्याला कादंबऱ्या वाचणे पाप वाटे, हे उदाहरण त्यांनी सभागृहापुढे ठेवले. अशा नातवाच्या हाती हक्क असता तर एक मोठा लेखक छापखान्याबाहेरच राहिला असता. विधेयक पडले. पुढच्या वर्षी तडजोड झाली: लेखकाचे आयुष्य आणि वर सात वर्षे, किंवा प्रकाशनापासून बेचाळीस वर्षे, यांतली जी मुदत लांब असेल ती.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १८४७ साली हिंदुस्थानसाठी २० वा कायदा केला, तो याच इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर. त्यात मेकॉलेंच्या भीतीवरचा उताराही आला. लेखक वारल्यावर हक्कदार पुस्तक पुन्हा छापायला नकार देत असेल आणि ते पुस्तक लोकांच्या दृष्टीने महत्त्वाचे असेल, तर गव्हर्नर जनरलने दुसऱ्या कुणाला छपाईची परवानगी द्यावी, अशी तरतूद होती. मृत लेखकाचे पुस्तक त्याच्या वारसाचे असते, पण ते गाडून टाकण्याचा अधिकार वारसाला नसतो, हा विचार या देशाच्या कायद्यात असा पहिल्या दिवसापासून आहे.

मराठी छापखाने तेव्हा नुकते कुठे उभे राहत होते. पुस्तकावर मालकी सांगायची तर ती कुठेतरी नोंदली पाहिजे, ही सवय मुख्यतः १८६७ च्या २५ व्या ॲक्टाने लागली. हा कायदा मुळात छापखान्यांवर नजर ठेवण्यासाठी होता. प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात जमा करायच्या आणि सरकारने त्यांची यादी ठेवायची. त्या यादीतले रकाने पाहण्यासारखे आहेत. पुस्तकाचे नाव, भाषा, ग्रंथकर्ता, विषय, छापण्याचे ठिकाण, छापणारा, प्रसिद्ध करणारा, तारीख, पाने, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, पुस्तक टाइपात छापले की शिळाप्रेसवर, किंमत, आणि शेवटी प्रताधिकाराच्या मालकाचे नाव व राहण्याचा पत्ता. जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठामागे १८६७ च्या ॲक्टाप्रमाणे नोंद केल्याचा आणि सर्व हक्क ग्रंथकर्त्याने स्वाधीन ठेवल्याचा मजकूर दिसतो, तो याच कायद्याचा मागमूस. पुस्तक कोणाचे आणि तो माणूस राहतो कुठे, हे एका ओळीत सांगणारी अशी नोंद आज बाजारात येणाऱ्या हजारो पुस्तकांना नाही.

मुदतीचा मोठा बदल विसाव्या शतकात झाला. ब्रिटिश साम्राज्याचा १९११ चा कायदा काही फेरफार करून १९१४ साली हिंदुस्थानात लागू झाला. सातावरून मुदत एकदम पन्नास वर्षांवर गेली. मात्र त्याला दोन वेसणी होत्या, आणि आज त्या जवळजवळ विसरल्या गेल्या आहेत.

पहिली लेखकाच्या कुटुंबासाठी होती. गरजेपोटी लेखकाने हयातीत हक्क विकून टाकला असला, तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी तो आपोआप वारसांकडे परत येई. मृत्युपत्राने दिलेला हक्क तेवढा याला अपवाद. ज्या काळात मराठी लेखक कादंबरीचे सर्व हक्क थोड्याशा रकमेत प्रकाशकाच्या हवाली करून मोकळा होई, त्या काळात या तरतुदीचे मोल मोठे होते. १९५७ च्या स्वतंत्र भारताच्या कायद्याने ती ठेवली नाही.

दुसरी वेसण अनुवादाची, आणि ती खास हिंदुस्थानासाठी घातलेली. इथे प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या भाषांतराचा एकाधिकार लेखकाला दहाच वर्षे मिळे. त्या दहा वर्षांत त्याने एखाद्या भाषेत स्वतः किंवा परवानगीने अनुवाद आणला तर त्या भाषेपुरता हक्क टिके, नाहीतर भाषांतर सर्वांना खुले होई. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची ‘देवदास’ १९१७ साली पुस्तकरूपाने आली. पुढच्या दहा वर्षांत मराठीत अधिकृत अनुवाद आला नसेल, तर १९२७ नंतर तिचे भाषांतर कोणत्याही मराठी लेखकाला करता येत होते, आणि शरद्बाबू तेव्हा हयात होते. वि. सी. गुर्जर, मामा वरेरकर यांच्यासारख्या लेखकांनी बंगाली साहित्य मराठी घरांत नेले तो हाच काळ. एका भारतीय भाषेतून दुसरीत जाणारा रस्ता इतका मोकळा पुन्हा कधी राहिला नाही. आजच्या कायद्यात सात वर्षांनंतर अनुवादाचा परवाना मागता येतो, पण त्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो.

पन्नास वर्षांचा हिशेब मराठीत ठळकपणे दिसला तो १९७० च्या पहिल्या दिवशी. १९१९ हे वर्ष मराठी साहित्याला फार जड गेले होते. २३ जानेवारीला सावनेर इथे राम गणेश गडकरी गेले, ३ मार्चला हरी नारायण आपटे आणि ९ मे रोजी रेव्हरंड टिळक. १९६९ संपले आणि या तिघांनी हयातीत छापलेले साहित्य एकाच वेळी सर्वांचे झाले. आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी आज कुठल्याही ग्रंथप्रदर्शनात वेगवेगळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्यांत दिसते, त्याची सुरुवात या दिवसापासून होते.

पण लेखकाच्या मृत्यूची तारीख कळली म्हणजे काम झाले, असे नाही. ‘एकच प्याला’ हे नाटकच घ्यावे. ते रंगभूमीवर आले तेव्हा गडकरी हयात नव्हते आणि नाटकातली पदे त्यांची नाहीत. ती लिहिली वि. सी. गुर्जरांनी. गुर्जर १९६२ साली वारले. म्हणजे बालगंधर्वांच्या सिंधूने अजरामर केलेली पदे ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत गुर्जरांच्या वारसांच्या हक्काखाली होती, आणि ज्या गद्य संवादांमधून ती उगवतात ते संवाद त्याआधी अर्धशतक मोकळे झाले होते. सिंधूचा संवाद कुणीही छापावा, पण ती गाऊ लागली की परवानगी लागावी, अशी ही स्थिती होती. संगीत नाटकाची संहिता छापणाऱ्या किती जणांनी हा भेद पाहिला असेल?

लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध होणाऱ्या साहित्याचा नियम आणखी वेगळा आहे. तिथे वर्षे मृत्यूपासून मोजली जात नाहीत, ती प्रकाशनापासून मोजली जातात. त्याचे मराठीतले सर्वांत हृद्य उदाहरण बहिणाबाई चौधरींचे. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, घरकामात त्यांच्या तोंडून निघालेल्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि घरातल्या माणसांनी वहीत टिपून ठेवल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्रे हरखून गेले आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह बाहेर पडला. संग्रह हयातीत आला असता तर त्यातल्या कविता २०११ अखेर मोकळ्या झाल्या असत्या. १९५२ चे प्रकाशन म्हणून त्या २०१२ अखेर झाल्या. तरीही संग्रहातला सगळा मजकूर मोकळा झाला नाही. प्रस्तावना अत्र्यांची आहे आणि अत्रे १३ जून १९६९ रोजी वारले. त्या प्रस्तावनेचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत टिकतो. एका छोट्या पुस्तकात दोन लेखक, दोन मुदती.

हाच नियम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत फार मोठ्या प्रमाणावर लागतो. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ रोजी गेले, त्यामुळे त्यांनी हयातीत छापलेले साहित्य १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने ज्या भाषणाची सभाच रद्द केली आणि बाबासाहेबांनी जे १९३६ साली पदरमोड करून छापले, ते जातिप्रथेच्या उच्छेदाचे भाषण त्यात आले. त्याच दिवशी मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ही मोकळ्या झाल्या, मर्ढेकर १९५६ च्याच मार्चमध्ये गेले होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला तो मात्र १९५७ साली, म्हणून तो एक वर्ष मागे राहिला. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे समग्र लेखन आणि भाषणे खंडाखंडाने काढायला सुरुवात केली. वसंत मून यांनी त्यासाठी हस्तलिखितांतून अप्रकाशित लेखन वेचून काढले. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ त्यातून १९८७ साली प्रथम छापले गेले आणि त्यावरून राज्यात मोठे वादळ उठले. प्रथम प्रकाशन १९८७, म्हणून मुदत २०४७ अखेर. एकाच माणसाच्या लेखणीतून उतरलेल्या ग्रंथांत एकतीस वर्षांपर्यंतचा फरक पडतो, तो असा.

मुदतीइतकाच मालकीचा प्रश्न अवघड आहे. लेखक वारला की हक्क इतर मालमत्तेसारखा वारसांत वाटला जातो. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर वारसाहक्काच्या कायद्याप्रमाणे. अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने कुणाला दिले आणि उलट काही लिहून ठेवले नाही, तर हस्तलिखिताबरोबर त्याचा प्रताधिकारही जातो. हक्क लेखी करारानेच देता येतो, तोंडी नाही. १९९४ च्या दुरुस्तीपासून तर करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. मराठीतले बरेचसे प्रकाशनव्यवहार विश्वासावर चालत आले. लेखकाचे आणि प्रकाशकाचे घरोब्याचे संबंध, हिशेब वर्षअखेर, कागद नाही. दोघेही गेले की मागे उरतात लेखकाची पाच-सहा नातवंडे, त्यांतली दोघे परदेशात, आणि गोदामातली जुनी आवृत्ती. पुस्तक पुन्हा काढायला एखादा तयार असला तरी सही कुणाची घ्यायची, हेच त्याला कळत नाही. मुदत साठ वर्षांची असली तरी असे पुस्तक दहा-पंधरा वर्षांतच बाजारातून नाहीसे होते आणि उरलेली पंचेचाळीस वर्षे कुणाच्याच उपयोगी पडत नाही. लेखक मृत, अज्ञात किंवा हक्कदार बेपत्ता असल्यास परवाना मागण्याची सोय कायद्यात आहे. त्यासाठी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, अर्ज करावा लागतो. सहाशे प्रतींच्या आवृत्तीसाठी एवढा खटाटोप करायला छोटा प्रकाशक धजत नाही.

हक्काची नीट तजवीज केलेला लेखक म्हणून महात्मा गांधींकडे बोट दाखवता येते. ‘हिंद स्वराज’ची इंग्रजी आवृत्ती १९१० साली निघाली तेव्हा त्यांनी तिच्यावर कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत, असे छापले होते. पुढे आत्मकथेच्या वेळी त्यांना हक्क राखणे भाग पडले आणि १९४० च्या मृत्युपत्राने त्यांनी ते नवजीवन संस्थेला दिले. टागोरांसाठी वाढवलेली दहा वर्षे गांधीजींच्या साहित्यालाही मिळाली. ती २००८ अखेर संपत आली तेव्हा नवजीवनने मुदतवाढ मागितली नाही. त्यानंतर ‘सत्याचे प्रयोग’ देशातल्या अनेक प्रकाशकांनी काढले, पण अप्पा पटवर्धनांसारख्या अनुवादकांनी केलेल्या भाषांतरांचे हक्क त्या-त्या अनुवादकाच्या मुदतीप्रमाणे वेगळे राहिले. मूळ पुस्तक मोकळे झाले तरी अनुवाद मोकळा होतोच असे नाही, हा मुद्दा मराठी प्रकाशनात सर्वांत जास्त विसरला जातो.

हक्क संपल्यावर पुस्तकाचे काय होते, याचे उत्तर ‘श्यामची आई’ देते. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५ साली ती छापली गेली, आणि ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. २०१० संपले तसे एकामागून एक प्रकाशक पुढे आले. स्वस्त आवृत्त्या, मोठ्या टायपातल्या, सचित्र, संक्षिप्त, बोलती पुस्तके असे सगळे प्रकार निघाले. जिथे पुस्तकांचे दुकान नाही अशा गावांतही बसस्थानकावरच्या स्टॉलवर ती दिसू लागली. गुरुजींना याहून वेगळे काय हवे असते? पण याच आवृत्त्यांत कुठे एखाद्या रात्रीचे प्रकरण गाळलेले, कुठे प्रस्तावना नाही, कुठे शुद्धलेखन नवे पण वाक्य मोडलेले, असेही झाले. हक्क संपल्याने छापण्याची मोकळीक मिळते. मजकूर बिघडवण्याची मिळत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखकाच्या कृतीची प्रतिष्ठा राखण्याचा अधिकार त्याच्या कायदेशीर प्रतिनिधींना प्रताधिकार संपल्यावरही वापरता येतो. चांगल्या, जबाबदार आवृत्तीची मागणी वाचकांनीच करायला हवी. तेवढा हक्क त्यांना नक्की आहे.

परदेशातल्या मराठी वाचकाला मात्र इथला हिशेब उपयोगी पडतोच असे नाही. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे १ जानेवारी १९९६ रोजी ज्या जुन्या परदेशी पुस्तकाचा हक्क त्याच्या मूळ देशात जिवंत होता, त्याला तिथे प्रकाशनापासून पंच्याण्णव वर्षांचे संरक्षण मिळाले. ‘श्यामची आई’ भारतात २०११ पासून मोकळी आहे, अमेरिकेत ती २०३१ च्या आरंभी होईल. तांब्यांनी १९३५ साली प्रथम छापलेल्या कवितांचेही तसेच. १९९१ ची दहा वर्षांची वाढ मिळाली नसती, तर १९९६ मध्ये त्या भारतात मोकळ्या असत्या आणि अमेरिकेतही झाल्या असत्या. मराठी विकिस्रोतासारख्या, जगभर वाचल्या जाणाऱ्या प्रकल्पात पुस्तके टंकून चढवणाऱ्या स्वयंसेवकांना म्हणूनच दोन देशांचे पंचांग पाहावे लागते.

मराठीत आजवर जे छापले गेले त्यातले बरेच आता मोकळे आहे, आणि त्यातले फारच थोडे बाजारात मिळते. पुस्तक मोकळे झाले हे समजलेच नाही तर ते पुन्हा छापणार कोण? त्यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. प्रत्येक नव्या आवृत्तीच्या श्रेयपानावर लेखकाचे जन्म आणि मृत्यूचे साल, पहिल्या आवृत्तीचे साल, अनुवादकाचे आणि प्रस्तावनाकाराचे साल, हक्क सध्या कुणाकडे आहे त्याचे नाव आणि त्याला गाठायचा पत्ता, एवढे छापले तरी पुढच्या पिढीचे निम्मे काम होईल. १८६७ च्या सरकारी यादीने यातला बराचसा भाग सक्तीने करून घेतला होता. जिल्हा ग्रंथालयांनी आणि साहित्यसंस्थांनी आपापल्या भागातल्या लेखकांच्या अशा नोंदी ठेवायला घेतल्या, तर गोदामात पडलेली कितीतरी पुस्तके वाचकांपर्यंत पोहोचतील.

पुढच्या तारखा समोर आहेत. वि. दा. सावरकर २६ फेब्रुवारी १९६६ रोजी वारले. ‘माझी जन्मठेप’सह त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले साहित्य १ जानेवारी २०२७ पासून कुणालाही छापता येईल, आणि त्याची चिकित्सक, टीपांसह आवृत्ती काढू पाहणाऱ्या अभ्यासकाला कुणाच्या परवानगीवर अवलंबून राहावे लागणार नाही. १ जानेवारी २०३० ला आचार्य अत्र्यांची नाटके, अग्रलेख आणि ‘कऱ्हेचे पाणी’चे हयातीत निघालेले खंड मोकळे होतील. त्या दिवसापासून बहिणाबाईंच्या कविता आणि त्यांच्यावरची अत्र्यांची प्रस्तावना, १९५२ साली निघाली तशी, एका पुस्तकात छापायला महाराष्ट्रातल्या कुठल्याही छोट्या प्रकाशकाला मुभा असेल.